बुजवलेलं दार

अकोल्याच्या कचेरीत माझ्या पाठीमागे मला 'अर्धी बाई' म्हणत. उंचीवरून नव्हे, उंची माझी बऱ्यापैकी आहे. कागद शोधायला सांगितला की मी दफ्तरखोलीत जाऊन बस्त्यांच्या रांगेचं बरोबर अर्धं गाठायची, म्हणून हे नाव. बाकीचे बाबू डाव्या हाताच्या पहिल्या बस्त्यापासून सुरुवात करत आणि दुपारच्या चहापर्यंत शिंकत शिंकत पुढे सरकत. मी मधल्या बस्त्याची गाठ सोडायची. त्यातलं साल हव्या सालाच्या आधीचं निघालं की डावीकडची सगळी रांग विसरायची, नंतरचं निघालं की उजवीकडची. मग उरलेल्याचा पुन्हा मध्य. बासष्ट बस्ते असले तरी सहाव्या खेपेला कागद हातात. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. शब्दकोशात शब्द पाहताना आपण पहिल्या पानापासून थोडेच सुरू करतो? मोठ्या साहेबांना मात्र ती जादू वाटे. 'बाईंच्या हाताला गुण आहे' असं ते चारचौघांत म्हणत, आणि मी नाही-नाही म्हणत ते कौतुक पदरात पाडून घेई.

माझा स्वभाव तापट. त्यात हे कौतुक. अमरावतीला बदली झाली ती साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी, आणि मी तिथे गेले ती असल्या दिमाखात की जणू अमरावतीच्या दफ्तरखोलीत आजवर कोणाला कागद सापडलाच नव्हता.

तिथली खोली चौकोनी होती. दार सोडून चारही भिंतींना लाकडी मांडण्या, आणि मांडण्यांवर लाल कापडात बांधलेले बस्ते. दाराच्या डाव्या अंगाला रांग सुरू व्हायची आणि खोलीला वळसा घालून उजव्या अंगाला येऊन संपायची. गावोगावच्या कोतवाल बुकांचे बस्ते असे अठ्ठेचाळीस होते, दर सालाला एक. कोतवाल बुक म्हणजे जन्म-मृत्यूची वही. गावचा कोतवाल दर बाजारच्या दिवशी मोठ्या गावी जाऊन आठवड्यात कोण जन्मलं, कोण मेलं ते तोंडी सांगे आणि तिथला कारकून ते लिहून घेई. बस्त्यांवर सालांच्या चिठ्ठ्या होत्या, पण त्या चिकटवल्या होत्या मैद्याच्या खळीनं. झुरळांनी खळ खाल्ली, चिठ्ठ्या गळून पडल्या, आणि बाहेरून सगळे बस्ते सारखेच लाल उरले. आत काय आहे ते सोडल्याशिवाय कळायचं नाही.

आणि सोडणं सोपं नव्हतं. एक बस्ता पुन्हा बांधून जागेवर ठेवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. शिडी, गाठ, धूळ, मग शंभरेक गावांच्या वह्यांतून आपल्या गावाची वही काढायची. जुन्या वह्या मोडीत. मोडी मला येत होती, पण अडखळत. एका बस्त्याला पाऊण तास कुठेच गेला नाही. तिथे एक म्हातारे दफ्तरी होते, बस्ते बांधण्या-सोडण्याचं काम त्यांचं. ते भाचीच्या लग्नाला मूर्तिजापूरला गेले होते. मला येऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते.

अशात एका गुरुवारी सकाळी एक बाई आणि तिची मुलगी आल्या. भातकुलीकडच्या खेड्यातल्या. बाई पंचेचाळीसच्या आसपासची, बारीक अंगाची. मुलगी उंच, पांढरं लुगडं नीटनेटकं नेसलेली. अर्ज मुलीनंच लिहिला होता, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. अकोल्याला नर्सच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती, पण वयाचा दाखला शनिवारी दुपारच्या आत तिथे द्यायचा होता. शाळेच्या दाखल्याप्रमाणे ती वयाच्या अटीत बसत नव्हती.

"शाळेचं वय खरं नाही?" मी विचारलं.

"कसं राहीन खरं?" आई म्हणाली. "मास्तरनं डोक्यावरून हात घेऊन कान धराले लावला. हिचे हात लांब. चवथ्या वर्सीच कान धरला हिनं. मास्तरनं लिवून टाकलं, सात पूर्न."

तेव्हा खेड्यात वय असंच ठरे. डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला लागला की मूल शाळेत. लांब हातांमुळे पोरगी कागदावर काही वर्षांनी मोठी झाली होती.

"खरं साल कोणतं?"

"साल मले नाही सांगता येत. पन लिवलं हाये. हिचा बाप गावचा कोतवाल होता. तोच तं साऱ्यायची खबर द्याले जाये."

बापानं छप्पन साली धर्म बदलला तेव्हा कोतवालकी सोडली आणि दोन वर्षांत तो वारला, हे मुलीनं सांगितलं. आई पुढे बोलू लागली. मुलीच्या आधीची दोन लेकरं न लिहिताच गेली होती. नवरा बाजारच्या दिवसाची वाट पाहत राहिला आणि तेवढ्यात लेकरू गेलं, दोन्ही वेळा. म्हणून या तिसऱ्या वेळी तिनं त्याला बजावलं होतं, हिले तरी लिवून ये. "तो म्हने, लिवली. म्या म्हटलं, खरं? तो म्हने, गावाचे लिवतो तं आपली नाही लिवन का?"

मला साल हवं होतं आणि मला नवऱ्याची गोष्ट ऐकवली जात होती. मी जरा फणकारूनच म्हटलं, "मावशी, साल माहीत नसेल तर मी शोधू कसं?" पण म्हणता म्हणता मलाच सुचलं. अर्ध्याच्या युक्तीला साल लागतच नाही. समोर जे आहे ते हव्या त्याच्या आधीचं की नंतरचं, एवढं कोणी सांगितलं तरी पुरतं. गावात मूल जन्मलं की खबर पहिल्यांदा कोतवालाच्या घरी. कोण कोणाच्या आधी जन्मलं हे या बाईला पाठ असणार. मी तिला स्टुलावर बसवलं आणि शिडी लावली.

दाराकडून मोजून चोविसावा बस्ता सोडला. गावाची वही काढून एक नोंद वाचली, पाटलाच्या घरी मुलगा.

"हा तं आत्ताचा म्हातारा पाटील," ती म्हणाली. "लय जुनं हाये हे."

जुनं, म्हणजे डावीकडची अर्धी रांग बाद. पुढे छत्तिसावा. त्यात सोनाराच्या घरची मुलगी होती, तीही आता आजी झालेली. मग बेचाळिसावा, पंचेचाळिसावा. दर वेळी ती ऐकायची, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "माह्या पोरीच्या आंधीचं." एकदाही चाचरली नाही. सत्तेचाळिसावा झाला. शेवटी अठ्ठेचाळिसावा, दाराच्या उजव्या अंगाचा अगदी टोकाचा. त्यात तेल्याच्या घरचा मुलगा निघाला.

"माहं लगन झालं तवा हे पोट्टं रांगत होतं," ती म्हणाली.

वहीवर साल बत्तीस होतं. त्यापुढे रांगच नव्हती, दार होतं. चार वाजले होते. नंतरचे बस्ते इथे आलेलेच नाहीत, असा मी निष्कर्ष काढला. इथे थांबून कोणाला विचारावं, एवढी अक्कल मला सुचायला हवी होती. पण माझी युक्ती चुकत नसे, ही गोष्ट माझ्या अंगात इतकी भिनली होती की अर्जावर मी सरळ लिहिलं, 'या दफ्तरात नोंद आढळून येत नाही.' खाली सही केली, शिक्का मारला.

मुलीनं ते वाचलं. आईनं विचारलं, "काय लिवलं?"

"नाही म्हणते," मुलगी म्हणाली.

बाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत ती म्हणाली, "मंग त्यानं लिवलंच नाही." एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मुलीनं तिचा दंड धरून उठवलं. बडनेऱ्याला रेल्वेच्या चाळीत मावशीकडे उतरलो आहोत, उद्या गावी जाऊ, असं मुलगी म्हणाली आणि दोघी गेल्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त समाधान वाटलं की अठ्ठेचाळीस बस्त्यांचा निकाल मी सहा बस्त्यांत लावला. आज हे लिहितानाही स्वतःचा राग येतो.

शुक्रवारी सकाळी दफ्तरी परत आले, लग्नातली बुंदी कागदात बांधून. मी बुंदी खाता खाता त्यांना म्हटलं, "काका, तेहेतीसपासूनची कोतवाल बुकं कुठल्या खोलीत आहेत?"

"कुठी म्हंजे? इथीच हायेत."

"इथे बत्तीसला संपतात. मी काल शेवटचा बस्ता सोडून पाहिला."

त्यांनी बुंदीचा कागद खाली ठेवला. मग दाराच्या उजवीकडचा बस्ता दाखवून म्हणाले, "हा शेवटचा? हा कायचा शेवटचा, बाई? हे दार तं आत्ता तीन वर्सांखाली फोडलं. आंधी दार तिकडं होतं." त्यांनी खोलीच्या पलीकडच्या भिंतीकडे हात केला. "ते बुजवलं. तिथी मांडनी सरकवली. मंग काय, बस्ते जिथल्या तिथीच."

मी त्या भिंतीकडे पाहिलं. मांडण्यांच्या वर, छताजवळ, चुन्याच्या रंगात एक चौकट अंधूक दिसत होती.

बस्ते कोणी हलवलेच नव्हते. हललं होतं दार. सालं जुन्या दारापासून सुरू होऊन खोलीला वळसा घालून जुन्या दारापाशी संपत होती. मी मात्र नव्या दारानं आत आले आणि जिथे मी उभी तिथेच आरंभ, असं धरून चालले. म्हणजे माझ्या रांगेत आधी मधली सालं होती, मग शेवटची, मग एकदम कोलांटी घेऊन सगळ्यात जुनी आणि तिथून पुन्हा चढत मधल्यांपर्यंत. दाराजवळचा पहिला बस्ता मी सोडलाच नव्हता. पहिला म्हणजे सगळ्यात जुना, त्यात काय पाहायचं?

"काका, हे कोणाला सांगून ठेवायचं नाही का?" मी उगाचच त्यांच्यावर खेकसले.

"कोनं इचारलं?" ते म्हणाले, आणि उरलेली बुंदी डब्यात ठेवायला गेले. आजवर बस्ते तेच काढत आले होते, हाताच्या सवयीनं. त्यांना सांगायची गरज कधी पडली नव्हती.

मी पहिला बस्ता सोडला. तेहेतीस. माझे कान तापले.

जुनं दार नेमकं कोणत्या बस्त्यापाशी होतं ते त्यांनाही सांगता येईना. मांडण्या सरकवून जागा भरून काढली होती. "इथीच कुठी तरी," म्हणून त्यांनी सगळी भिंत दाखवली. म्हणजे पुन्हा एकेक सोडत बसायचं? शनिवार दुपारपर्यंत? मी स्टुलावर बसून कागदावर चौकोन काढला आणि डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला, जे मला सहसा जमत नाही.

अशी मोडलेली रांग कुठेही मधोमध कापली तर मोड दोन तुकड्यांपैकी एकातच असणार. दुसरा तुकडा सरळच. सरळ कोणता हे ओळखायला फक्त टोकं पाहायची. पहिल्या टोकाचं साल शेवटच्या टोकाच्या आधीचं असेल तर तो तुकडा सरळ. मग विचारायचं, आपल्याला हवं ते या सरळ तुकड्याच्या दोन टोकांमध्ये बसतं का? बसलं तर त्यातच शोधायचं. नाही बसलं तर तो सबंध तुकडा सोडून द्यायचा आणि वाकड्या तुकड्याचा पुन्हा मध्य गाठायचा. वाकड्यात काय आहे ते कळत नसलं तरी सरळ तुकडा आपल्याला कळतो, आणि तेवढ्यावर भागतं.

काल सोडलेले बस्ते कामी आले. चोविसावा ते अठ्ठेचाळिसावा बस्ता सरळ, जुन्यापासून बत्तीस सालापर्यंत. मुलगी त्यात नाही, हे आईनंच सांगितलं होतं. म्हणजे ती डाव्या अर्ध्यात असली पाहिजे, असलीच तर.

असलीच तर. कोतवाल खोटं बोलला असेल तर ती कुठेच नव्हती. पण हे आता आईशिवाय कळणार नव्हतं. मी साहेबांकडे दोन तासांची सुटी मागितली, कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, आणि बडनेऱ्याची बस धरली.

रेल्वेच्या चाळीत विचारत विचारत पोचले. बाई ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होती. शेजारी पिशवी बांधून ठेवलेली, दुपारी निघायच्या बेतात. मला पाहून ती उठली नाही.

"काहून आल्या बाई तुमी?"

"मावशी, काल माझी चूक झाली," मी म्हटलं. "मी अर्धीच खोली पाहिली. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"चूक तुमची कायची? त्यानं लिवलं नाही, तुमी काय करान?" सुपातला खडा काढून तिनं बाजूला टाकला. "जाऊ द्या आता."

मुलगी आतून आली. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, पायांत चपला सरकवल्या आणि आईच्या हातातलं सूप काढून घेतलं.

दुपारी दोनला आम्ही खोलीत होतो. या वेळी शिडीवर दफ्तरी चढले आणि गाठी त्यांच्या हातानं भराभर सुटल्या. डाव्या अर्ध्याचा मधला, बारावा बस्ता. साल चव्वेचाळीस. पहिल्या टोकाला तेहेतीस, इथे चव्वेचाळीस, म्हणजे मध्ये मोड नाही. मी सुताराच्या मुलीची नोंद वाचली.

"हे माह्या पोरीच्या मांगून झाली," बाई म्हणाली. "माही पोरगी हिले कडेवर घेऊन फिरे."

मागून. मग हवं ते पहिल्या आणि बाराव्याच्या मध्ये, आणि तो तुकडा सरळ. माझा जीव भांड्यात पडला, पण निम्माच. सहावा सोडला, एका मुलाची नोंद वाचली. साल अडतीस, तेच जे मास्तरनं शाळेत मुलीच्या नावावर लिहिलं होतं.

"हा मोठा. शाळेत हिच्या पुढं होता."

नववा. एकेचाळीस. मी वाचत गेले. कुणब्याच्या घरी मुलगा. "हा हिच्या बरोबरीचा," बाई म्हणाली आणि स्टुलावरून उठून उभी राहिली. मी आणखी वाचलं, पुन्हा एक मुलगा, मग एक मृत्यू. आणि मग ऑगस्टची बावीस तारीख, बापाच्या रकान्यात कोतवालाचं नाव, अपत्य मुलगी.

मुलीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. तिनं बोटांवर वर्षं मोजली, मग पुन्हा मोजली. अटीत बसत होती, चार महिने राखून. दफ्तरी शिडीवरूनच म्हणाले, "बसली ना? मंग झालं."

मी नक्कल लिहायला घेतली आणि रकाने उतरवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या गावच्या सगळ्या खबरा एकाच वारी दिलेल्या होत्या, बाजारच्या दिवशी, तीन-तीन चार-चार एकदम. फक्त ही एकटी तशी नव्हती. जन्म बावीसचा, खबर तेवीसची. बाजारच्या वारी नव्हेच. खबर देणाऱ्याच्या रकान्यात कोतवालाची निशाणी, काठीची एक उभी रेघ. मी ते बाईला सांगितलं.

"तेवीस म्हंजे?"

"म्हणजे दुसऱ्याच दिवशी. बाजाराची वाट न पाहता एवढ्या एका नोंदीसाठी गेले होते."

ती पुन्हा स्टुलावर बसली. मग म्हणाली, "त्या दिशी तो म्हने, पाटलाचा बैल सुटला, पाहाले जातो. दोन दिस आला नाही. नाल्याले पानी होतं. मी बाळंतीन, घरात दाना नाही. आला तवा म्या त्याच्यासंग बोलनं टाकलं. तो म्हने लिवली, लिवली, अन् मले वाटे हा मले उगी करून राहिला."

तो खरं का सांगून गेला नाही हे मला कळत नाही. आधीच्या दोघांच्या वेळी झालं ते पुन्हा होईल म्हणून बोलायला घाबरला असेल. आई म्हणाली, त्याचा स्वभावच तसा, पोटातलं ओठावर आणायचा नाही.

नक्कल साहेबांच्या सहीसाठी गेली. कालच्या अर्जावरचा माझा शेरा मी खोडला आणि बाजूला लिहिलं, शोध अपुरा होता, चूक माझी. साहेबांनी भिवया उंचावल्या, पण सही केली. मुलगी शनिवारी अकोल्याला वेळेत पोचली. पुढे बऱ्याच वर्षांनी ती तिथल्या एका दवाखान्यात मला भेटली आणि तिनं मला ओळखलंही. त्या दफ्तरखोलीतल्या सगळ्या बस्त्यांना मी पुढच्या महिन्याभरात कापडी चिठ्ठ्या शिवून घेतल्या, दफ्तऱ्यांची कुरकुर ऐकत.

पण त्या शुक्रवारी, शिक्क्याची शाई वाळायची होती तेव्हा, बाई माझ्या टेबलाशी उभी होती. मुलगी बसची वेळ विचारायला बाहेर गेली होती. बाई हळूच म्हणाली, "काल इथून गेल्यावर म्या त्याले लय बोलली, बाई. मेलेल्या मानसाले. पोरीसमोर बोलली. म्हटलं, लबाड होता तुहा बाप, पोरीची जात म्हनून लिवलं नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सतरा वर्सं त्यानं मले सांगतलं अन् म्या एकडाव खरं नाही मानलं. आता पोरीले तं सांगीन. त्याले कसं सांगू?"

मी म्हटलं, "मावशी, ती चूक माझी होती." ती मान हलवत राहिली. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. त्याला लबाड ठरवणाऱ्या कागदावर सही मात्र माझी होती.